ट्रॉली सुटली तर? ब्रेकअवे ब्रेक बांधणं, तपासणं, सांभाळणं

घाटावरचा_शेतकरी

नमस्कार मंडळी. आमच्या शेतकरी गटानं यंदा पाण्याचा टँकर करून घेतला आहे. पाच हजार लिटर, दोन एक्सल, चार चाकं, ट्रॅक्टरमागे ओढायचा. गाव चिखली तालुक्यात, म्हणजे बुलडाण्याच्या भाषेत घाटावर. उन्हाळ्यात दोन वस्त्यांना पाणी पोचवायचं आणि एरवी फवारणीला वापरायचा, असा बेत आहे. विहिरीपासून वस्तीपर्यंतच्या रस्त्यावर दोन चांगले उतार आहेत, म्हणून बनवणाऱ्याकडून चारही चाकांना इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक बसवून घेतले. ट्रॅक्टरवर बोटानं दाबायचा कंट्रोलर आहे.

टँकरच्या पुढच्या दांडीवर एक काळी डबी आहे. तिच्यात पिन, पिनीला पातळ वायररोप आणि शेजारी पेटीत १२ व्होल्टची छोटी बॅटरी. टँकर ट्रॅक्टरपासून सुटला की वायररोप ताणला जातो, पिन निघते, बॅटरीचा करंट थेट ब्रेकला जातो आणि चाकं धरली जातात. यालाच ब्रेकअवे म्हणतात. एवढं बनवणाऱ्यानं समजावलं. वायररोप कुठं अडकवायचा असं विचारलं, तर म्हणाला "कुठंही अडकवा, चालते". तिथंच माझं मन खात आहे. खरंच कुठंही चालतं का? ही गोष्ट चालू आहे की मेलेली आहे हे दर महिन्याला कसं बघायचं? आणि भरलेला टँकर ती उतारावर धरेल का? कुणी हे वापरत असेल तर सविस्तर लिहा. गटातल्या पाच-सहा जणांना ट्रॅक्टर चालवायचा आहे, त्यांनाही हा धागा वाचायला देणार आहे.

रेंगी

भाऊ, तुमच्या टँकरले ब्रेक तरी हायेत. आमच्या इकडं दर्यापूर भागात दहातल्या नऊ ट्रॉल्यांले ब्रेकच नाई. हूकात पिन टाकते, खालून चावी लावाची तं सळईचा तुकडा वाकवून घालते, अन निंघते कापूस घेऊन जिनिंगले. त्याच्यात हे ब्रेकअवे बसवता येते का, हे बी कोणी सांगा.

वर्कशॉप_निवृत्त

एसटीच्या वर्कशॉपमध्ये ब्रेक विभागात नोकरी झाली, आता गावात ट्रेलरची कामं घेतो. दोघांनाही उत्तर देतो, जरा लांबेल.

आधी रेंगी भाऊंचं. ब्रेकअवे हा वेगळा ब्रेक नाही. चाकात जो ब्रेक आहे तोच आपोआप दाबायची ती सोय आहे. ज्या ट्रॉलीच्या चाकात ड्रम नाही, ड्रमला आतून घासून चाक धरणारे शू नाहीत, तिला डबी बसवून काही उपयोग नाही. तिला आधी ब्रेकवाला एक्सल टाकावा लागतो. तो खर्च होईपर्यंत दोन गोष्टी आजच करता येतात: सळईच्या तुकड्याऐवजी बाजारातली स्प्रिंगची चावी, आणि ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्यामध्ये दोन स्वतंत्र साखळ्या. साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेद देऊन बांधा. पिन निघालीच तर दांडी त्या फुलीवर झेलली जाते, जमिनीत रुतत नाही. दोन चाकी ट्रॉलीची दांडी जमिनीत रुतली की मागचा माल सगळा उसळून पुढं येतो. ते दृश्य कुणावर येऊ नये.

आता धागाकर्त्याचं. "कुठंही अडकवा" हा सल्ला साफ चुकीचा आहे. वायररोपची दुसरी बाजू ट्रॅक्टरच्या पक्क्या सांगाड्याला बांधायची, अशा ठिकाणी की हूक, पिन, ड्रॉबार यातलं काहीही तुटलं किंवा निसटलं तरी ती जागा ट्रॅक्टरसोबतच राहील. हूकाच्या पिनीतच वायररोपची कडी अडकवलेली मी अनेकदा पाहिली आहे. पिन वर उडाली की कडीही तिच्यासोबत सुटते. टँकर मागे जातो, वायररोप मोकळा लोंबकळतो आणि डबीतली पिन जागची हलतही नाही. सुरक्षा साखळीलाही बांधायचा नाही. साखळी तुटली किंवा तिचा हूक निघाला तर तीच गत. थ्री-पॉइंटच्या, म्हणजे अवजारं उचलायच्या, खालच्या लिंकाही नकोत, त्या वरखाली होतात, कधी काढूनही ठेवतात. मागच्या हाउसिंगजवळ सांगाड्याला एक जाड कडी वेल्ड न करता बोल्टानं बसवा. हाउसिंग बिडाचं असतं, त्याच्यावर वेल्डिंग करू देऊ नका.

घाटावरचा_शेतकरी

काका, हे फार कामाचं झालं. वायररोप किती लांब ठेवायचा?

वर्कशॉप_निवृत्त

सगळ्यात आखूड वळणावर ताण बसणार नाही इतका लांब आणि सरळ उभं असताना जमिनीला घासणार नाही इतका आखूड. वळण दोन्ही बाजूंना घेऊन बघा. मोकळ्या वावरात ट्रॅक्टर पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. घासणारा वायररोप काटेरी होतो, एकेक तार तुटत जाते आणि ऐनवेळी पिन ओढण्याआधी तोच तुटतो. तारा तुटलेल्या दिसल्या की बदला, गाठ मारून चालवू नका.

गणिती_नागपूर

साखळी आणि वायररोप यात कोण लांब असावं यावर दोन मतं आहेत. एक मत: वायररोप साखळीपेक्षा थोडा लांब ठेवा, म्हणजे साखळीनं टँकर धरून ठेवला असेल तोवर ब्रेक अचानक लागणार नाहीत. दुसरं मत: थोडा आखूड ठेवा, म्हणजे साखळीला झटका बसायच्या आत ब्रेक लागतील. बनवणाऱ्यानं पुस्तिका दिली असेल तर तिच्यात काय लिहिलंय ते पाळा.

मला पहिलं मत पटतं, कारण साखळीवर असताना ड्रायव्हर कंट्रोलरनं टँकरचे ब्रेक हळूहळू लावून दोघांना सरळ रेषेत थांबवू शकतो. चाकं एकदम धरली गेली तर ते त्याच्या हातात राहत नाही.

आता उताराबद्दल एक हिशेब देतो, कारण "थोडासाच उतार आहे" हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं. तुमचा टँकर भरला की पाणी पाच टन आणि लोखंड धरून साडेसहा टनांच्या घरात जाईल. ५० एचपीचा ट्रॅक्टर स्वतः दोन-सव्वादोन टनांचा. म्हणजे ओढणाऱ्याच्या तिप्पट वजन मागं आहे. वीस फुटांना एक फूट असा उतार धरा. डोळ्याला तो काहीच वाटत नाही. पण त्या उतारावर टँकरला खाली खेचणारं बळ सव्वातीनशे किलोच्या आसपास असतं. चाकांचं घर्षण वजा केलं तरी सुटलेला टँकर दहा सेकंदांत ताशी १०-११ किलोमीटरचा वेग घेतो, आणि शंभर मीटर गेल्यावर ताशी २८ च्या आसपास. साडेसहा टन, ताशी २८, आणि समोर वस्तीचा नळकोंडाळा. दगड टाकून तो कुणी थांबवू शकत नाही. पहिल्या दोन-तीन सेकंदांत, वेग नगण्य असतानाच ब्रेक लागले पाहिजेत, आणि ते काम माणसाच्या हातून होत नाही.

पऱ्हाटी

वणीकडून लिहितोय. गणित वाचून अंगावर काटा आला. आमच्या गटात हे छापून लावतो.

टँकरवाल्यांनी अजून एक बघावं. अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा जास्त झटके देतो. पाणी आत पुढंमागं हेलकावतं आणि प्रत्येक ब्रेकला हूकाच्या पिनीवर हातोडा बसल्यासारखा बसतो. आत आडवे पडदे आहेत का ते विचारून घ्या. नसतील तर पूर्ण भरून न्या, पूर्ण रिकामा करून आणा. पिन आणि हूकाचं छिद्र लंबगोल झालं की झटका आणखी वाढतो.

तारतंत्री

वर्धा जिल्ह्यात ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतो. विजेच्या बाजूचं मी सांगतो.

डबीत काय आहे? दोन संपर्कपट्ट्या आणि त्यांच्यामध्ये प्लास्टिकची पिन. पिन आत आहे तोवर पट्ट्या वेगळ्या, पिन निघाली की चिकटल्या. एका पट्टीवर ट्रेलरच्या बॅटरीचा प्लस, दुसरीवरून ब्रेकच्या मॅग्नेटला, म्हणजे करंट मिळाला की शू दाबणाऱ्या चाकातल्या विद्युतचुंबकाला, जाणारी वायर. इतकं साधं आहे म्हणूनच लोक विसरतात. काळ्या मातीची धूळ त्या डबीत जाते, पावसाळ्यात ती ओली होते, पट्ट्या हिरव्या पडतात, पिन आत चिकटून बसते. मग वायररोप ताणला तरी पिन निघत नाही आणि निघाली तरी करंट जात नाही. म्हणून महिन्यातून एकदा पिन ओढून बघायचीच. पिन स्वच्छ फडक्यानं पुसा, ग्रीस फासू नका, ग्रीस धूळ धरतं. डबी दांडीवर अशी बसवा की वायररोप तिच्यातून सरळ पुढं ओढला जाईल. तिरका ओढला तर पिन अडकते.

तपासणीचा क्रम नीट वाचा. टँकर सपाट जागेवर. चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे. सर्वात आधी ट्रॅक्टर आणि टँकरमधला विजेचा प्लग काढा. तो जोडलेला असताना पिन ओढली तर बॅटरीचा करंट उलटा ट्रॅक्टरच्या कंट्रोलरमध्ये जाऊ शकतो आणि कंट्रोलर जळू शकतो. प्लग काढला की पिन ओढा. चाकांजवळ कान लावला तर मॅग्नेटची बारीक गुणगुण ऐकू येते. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती लावून करंट मोजायचं मीटर) असेल तर बॅटरीच्या वायरवर लावा. १० किंवा १२ इंची ड्रमचा एक मॅग्नेट साधारण ३ अँपिअर घेतो, चार चाकांचे मिळून १२ च्या जवळपास. ९ दिसले तर एक चाक मेलेलं आहे, शोधा. बघून झालं की पिन लगेच परत घाला. पिन काढून तसंच ठेवलं तर बॅटरी उतरते आणि मॅग्नेट तापतात.

बॅटरीचा हिशेब: अमेरिकेच्या संघीय वाहन नियमांत, ३९३.४३ या कलमात, ट्रेलर सुटल्यावर ब्रेक आपोआप लागून किमान १५ मिनिटं लागलेले राहिले पाहिजेत असं आहे. आपण तोच मापदंड धरू. १२ अँपिअर पाव तास म्हणजे ३ अँपिअर-तास. नव्या ५ अँपिअर-तासाच्या बॅटरीतून हे निघतं, पण दोन उन्हाळे खाल्लेल्या बॅटरीतून निघेलच असं नाही. इतका मोठा करंट ओढला की बॅटरी तिच्यावर लिहिलेलं पूर्ण देत नाही. मी ७ अँपिअर-तासाची बसवतो. संगणकाच्या यूपीएसमध्ये असते तीच, कोणत्याही तालुक्याच्या दुकानात मिळते. विश्रांतीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ च्या खाली गेली की चार्ज करा. नुसतं व्होल्ट बघून समाधान मानू नका, पिन ओढून भार टाकल्यावर व्होल्ट कोसळतात का ते बघा. कोसळले तर बॅटरी बदला.

घाटावरचा_शेतकरी

म्हणजे १५ मिनिटांनंतर ब्रेक सुटतात?

तारतंत्री

बॅटरी उतरली की सुटतात. १५ मिनिटं ही किमान मर्यादा आहे, चांगली बॅटरी जास्त वेळ धरेल. पण कधीतरी सोडणारच. म्हणून हे नीट मनात ठेवा: ब्रेकअवे तुम्हाला काही मिनिटं मिळवून देतो. त्या मिनिटांत खाली उतरून चाकांना ठोकळे लावायचे असतात. टँकर आपोआप थांबला म्हणून फोन करत बसायचं नाही. आणि ठोकळे लावल्याशिवाय पिन परत डबीत घालायची नाही, कारण पिन घातल्या क्षणी ब्रेक मोकळे होतात. गटातल्या प्रत्येकाला हे तोंडपाठ हवं.

याच कारणानं टँकर रात्री उभा करायला पिन ओढून ठेवायची सवय लावू नका. त्याला हँडब्रेक आणि ठोकळेच.

संत्राबाग

वरूडकडे आमची बाग आहे, ट्रॅक्टर मी स्वतः चालवते. तारतंत्री भाऊ, क्रम लिहून घेतला. मला ड्रायव्हरच्या बाजूनं विचारायचं आहे. चालू गाडीत मागचं सुटलं असं जाणवलं तर करायचं काय? पहिला हात ब्रेकवरच जातो.

वर्कशॉप_निवृत्त

ताई, हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा. जोरात ब्रेक मारायचा नाही. सुटलेला टँकर मागून येतो आहे, तुम्ही थांबलात तर त्याची दांडी थेट तुमच्या पाठीत. पूर्ण सुटून वायररोप ओढला गेला असेल तर टँकरचे ब्रेक त्याला मागं रोखतात. तुम्ही सरळ पुढं निघून जायचं, अंतर पडू द्यायचं आणि मग बाजूला थांबायचं. हूकाची पिन निघून टँकर फक्त साखळ्यांवर लोंबत असेल तर अॅक्सिलरेटर सोडा, कंट्रोलरनं आधी टँकरचे ब्रेक हलके लावा, ट्रॅक्टरचा ब्रेक नंतर आणि हळू. उतारावर गिअर सोडून न्यूट्रलमध्ये जाऊ नका. आपल्याकडे डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करतात, ती सवय भरल्या ट्रॉलीसोबत जिवावर बेतते.

ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक पेडल रस्त्यावर निघताना पट्टीनं जोडलेले असावेत हेही सांगून ठेवतो. वावरातून बाहेर येताना ती पट्टी लावायची राहते आणि रस्त्यावर एकाच चाकाला ब्रेक लागतो.

रेंगी

काका, हे पेडलचं लय खरं हाय.

अन लग्नाच्या वऱ्हाडाचं काय? ट्रॉलीत तीस-चाळीस मानसं बसवून नेतेत. ब्रेकअवे असला तं तेवढी भीती कमी नाई का?

वर्कशॉप_निवृत्त

नाही भाऊ. चाकं एकदम धरली की उभी-बसलेली माणसं पुढच्या फाळक्यावर आदळतात, काही बाहेर फेकली जातात. ब्रेकअवे हा मालाच्या ट्रेलरसाठी आहे, रस्त्यावरच्या दुसऱ्या लोकांना वाचवण्यासाठी आहे. ट्रॉलीत माणसं बसवणंच बंद करायला हवं. लग्न असो, जत्रा असो, की निंदणाच्या बायकांना वावरात नेणं असो.

संत्राबाग

याला माझं पूर्ण अनुमोदन. मजुरीला येणाऱ्या बायकांना मी ऑटोनं आणते. दिवसाचा खर्च वाढतो, पण झोप लागते.

मंडपवाला_वाशीम

माझ्याकडे जीपमागे ओढायचा जनरेटरचा छोटा ट्रेलर आहे, परदेशी बनावटीचा जुना. त्याला बॅटरी नाही. दांडी आत दबली की ब्रेक लागतो आणि हँडब्रेकच्या दांड्याला एक पातळ वायररोप आहे. हा ब्रेकअवेच का?

गणिती_नागपूर

हो. दांडी आत दबून लागणारा तो ओव्हररन ब्रेक. युरोपात साडेसातशे किलोंच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचा आहे आणि तिकडे हीच पद्धत जास्त चालते. ट्रेलर सुटला की वायररोप हँडब्रेक ओढतो, ब्रेक पूर्ण लागला की स्वतः तुटतो आणि ट्रेलर तिथंच राहतो. तो मुद्दाम ठरावीक ताकदीचा असतो. त्याच्या जागी जाड साखळी लावू नका, ती तुटणार नाही आणि ब्रेक लागलेला ट्रेलर गाडीमागे फरफटत येईल. वायररोप गाडीच्या वेगळ्या कडीतच अडकवा. ट्रेलर ज्यावर बसतो त्या बॉलच्या मानेभोवती सैल फास टाकला तर तो निसटू शकतो. हँडब्रेक हातानं ओढून दांडा किती वर येतो ते बघा. अगदी वरपर्यंत येत असेल तर शू झिजलेत किंवा केबल सैल आहे, म्हणजे वायररोप ओढूनही ब्रेक पुरता लागणार नाही.

पऱ्हाटी

एअर ब्रेकवाल्या ट्रॉलीबद्दलही कुणी लिहा. आमच्याकडे एकानं कापसासाठी मोठा चार चाकी ट्रेलर घेतलाय, त्याला दोन पाइप आहेत.

वर्कशॉप_निवृत्त

दोन पाइपांपैकी लाल हा हवा पुरवणारा, पिवळा हा ब्रेक दाबल्याचा निरोप नेणारा. ट्रेलरवर स्वतःची हवेची टाकी असते. ट्रेलर सुटून लाल पाइप तुटला की त्यातला दाब जातो, ट्रेलरचा इमर्जन्सी व्हॉल्व्ह ते ओळखतो आणि टाकीतली हवा ब्रेकला सोडतो. इथं वायररोप नाही, पाइपच त्याचं काम करतो.

तपासणी सोपी आहे. सपाट जागा, चाकांना ठोकळे, इंजिन चालू ठेवून दाब पूर्ण भरू द्या, मग इंजिन बंद करून लाल पाइपची जोडणी काढा. फुस्स आवाज होऊन ब्रेक लगेच लागले पाहिजेत. नंतर अर्धा तास थांबून बघा अजून लागलेले आहेत का. टाकी गळत असेल तर ब्रेक हळूहळू सुटतात. स्प्रिंग ब्रेक, म्हणजे हवा गेली की आतल्या दाबलेल्या स्प्रिंगनं लागणारा ब्रेक, असेल तरच हवा गेल्यावरही ब्रेक धरून राहतो. गळती शोधायला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे येतील. टाकीच्या बुडाशी पाणी सोडायची चावी असते, ती कामाच्या दिवशी रोज उघडायची. हवेतलं पाणी टाकीत साठतं आणि व्हॉल्व्हला गंज लावतं.

एक सक्त सूचना. स्प्रिंग ब्रेकचा डबा गावच्या गॅरेजात उघडू देऊ नका. आत दाबलेली मोठी स्प्रिंग असते, ती उसळली तर माणूस जागीच जातो. तो डबा आख्खा बदलायचा.

घाटावरचा_शेतकरी

सगळ्यांच्या सूचना वाचून आज तपासणी केली. प्लग काढला, पिन ओढली. पिन सहज निघाली, तीन चाकं धरली गेली, मागचं उजवं मोकळं फिरत होतं. मीटरवर ९ च्या जवळ दाखवत होतं, म्हणजे तारतंत्री भाऊंनी लिहिलं तसंच. त्या चाकाची अर्थची वायर सांगाड्याला स्क्रूनं लावली होती, खाली रंग तसाच. नवा टँकर असून ही स्थिती.

आता भरलेल्या टँकरचं विचारतो. रिकामा टँकर ट्रॅक्टरनं ओढून पाहिला तर चाकं घासत आली. एवढ्यावर समाधान मानायचं का?

तारतंत्री

अर्थला सांगाड्यावर विसंबू नका. चारही मॅग्नेटच्या अर्थच्या वायरी एकत्र करून थेट बॅटरीच्या मायनसला आणा. रंग आणि गंज हे करंटचे शत्रू आहेत. वायरही जाड वापरा, मागच्या एक्सलपर्यंत पोचताना बारीक वायरीत व्होल्ट गळतात आणि मागचे ब्रेक ढिले राहतात.

वर्कशॉप_निवृत्त

रिकाम्यावर समाधान मानायचं नाही. रिकामा दीड टनाचा टँकर कमजोर ब्रेकनंही धरला जातो. त्यावरून वायरिंग चालू आहे इतकंच कळतं. साडेसहा टन धरले जातील का हे भरूनच कळतं.

असं करा. टँकर भरा, ट्रॅक्टरला जोडलेलाच ठेवा, हूकाची पिन आणि साखळ्या लावलेल्या. सपाट, मोकळी जागा, आजूबाजूला पोरं-ढोरं नकोत. विजेचा प्लग काढलेला. एक जण ट्रॅक्टरवर. ट्रॅक्टर थांबलेला असताना दुसऱ्यानं बाजूला उभं राहून डबीतली पिन ओढायची. ट्रॅक्टर आणि टँकर यांच्या मध्ये कुणीही उभं राहायचं नाही. मग ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये, अगदी कमी वेगात पुढं घ्यायचा. इंजिन दबलं पाहिजे, टँकरनं जोरदार अडवलं पाहिजे. सहज ओढत गेला तर शू ड्रमपासून लांब आहेत. टँकर सोडून देऊन उतारावर परीक्षा घ्यायचा उद्योग कुणीही करू नये.

शू जुळवायची पद्धत: चाक जॅकवर उचला, एक्सलखाली ठोकळ्यांचा पक्का आधार द्या, ड्रमच्या मागच्या फटीतून शू जुळवायचं दातेरी चाक फिरवा. टँकरचं चाक हातानं फिरेनासं झालं की दातेरी चाक उलटं सोडत टँकरचं चाक हलकं घासत फिरेल तिथं थांबा. नव्या ब्रेकचे शू बसायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या तीनशे किलोमीटरनंतर एकदा जुळवाच. पुढं उत्पादक पाच हजार किलोमीटर सांगतात, पण वावरातल्या चिखलातून जाणाऱ्या टँकरला मी हंगामाचा हिशेब लावतो: पावसाळा संपला की एकदा, उन्हाळ्याआधी एकदा. ड्रम काढला की बेरिंगचं सीलही बघा. सील गळून लायनरला, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थराला, ग्रीस लागलं तर ते लायनर धुऊन पुन्हा वापरू नका, नवीन टाका. ग्रीस आत मुरतं आणि तापलं की वर येतं.

गणिती_नागपूर

एक जोड. पावसात नाल्यातून किंवा चिखलातून टँकर बाहेर काढलात तर रस्त्याला लागताच कंट्रोलरनं दोन-चारदा हलके ब्रेक लावा, ड्रम कोरडे होतात. ओल्या लायनरवर ब्रेकअवेही निम्म्यानं लागेल.

रेंगी

आमच्या गावच्या फॅब्रिकेशनवाल्याले धागा दाखवला. तो म्हणते पुढच्या दोन ट्रॉल्या ब्रेकच्या एक्सलवर करून पाहतो. मी साखळ्या घेतल्या, फुली मारून बांधल्या. चावी बी बदलली.

संत्राबाग

वाचनखूण साठवली आहे. घाटावरचे भाऊ, गटात कोण तपासणार ते नाव ठरवून टाका. सगळ्यांचं काम असलं की कुणाचंच होत नाही.

घाटावरचा_शेतकरी

ठरवलं ताई. ज्याच्याकडे त्या महिन्याचा टँकर, त्यानं एक तारखेला पिन ओढायची आणि वहीत व्होल्ट लिहायचे. वायररोपसाठी मागच्या सांगाड्याला बोल्टानं कडी बसवली. पूर्वी हूकाच्या पिनीतच वायररोपही अडकवलेला होता, तो काढला. दोन लाकडी ठोकळे टँकरच्या दांडीलाच साखळीनं बांधून ठेवले आहेत, म्हणजे शोधायला नकोत. भरून परीक्षा रविवारी घेतो.

शेवटचं एक. पावसाळ्यात टँकर तीन महिने गोठ्याशेजारी उभा राहील. बॅटरीचं काय करायचं? ट्रॅक्टरवरून चार्ज होते म्हणतात.

तारतंत्री

ट्रॅक्टर जोडलेला असेल तेव्हाच प्लगमधून चार्ज होते, तेही ती वायर जोडलेली असेल तर. तपासा: इंजिन चालू असताना टँकरच्या बॅटरीवर व्होल्ट वाढलेले दिसले पाहिजेत. त्या वायरीत फ्यूज आणि करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा डायोड हवाच, नाहीतर ट्रॅक्टर स्टार्ट करताना मोठा करंट या छोट्या बॅटरीतून ओढला जातो.

पावसाळ्यात बॅटरी काढून घरात ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. उतरलेली ठेवली तर ती कायमची जाते. टँकर गोठ्याशेजारी आहे म्हणजे उंदीर वायरी कुरतडणार, त्या लोखंडी पाइपातून घ्या आणि पाइपाची दोन्ही तोंडं बंद करा. बॅटरी परत बसवली की पहिल्या फेरीआधी पिन ओढून चारही चाकं बघा, तीन महिने उभ्या टँकरचे शू गंजून ड्रमला चिकटतात. रविवारी मीटरवर किती अँपिअर आले ते इथं लिहा, बारा आले नाहीत तर पुढचं बघू.